जंप म्हणजे नुसती उडी नाही का? जंप, हॉप, लीप, स्किप, कोणी नीट समजावेल का

कळवा_ते_ऐरोली

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीला सपोर्टमध्ये आहे, आमचे क्लायंट अर्धे इंग्लंडचे, अर्धे अमेरिकेचे. शाळा पूर्ण मराठी मीडियम. कॉल घेते, मेल लिहिते, काम कुठे अडत नाही, पण काही साधे शब्द असे आहेत की समोर आले की मी क्षणभर थांबतेच. सध्या तो शब्द आहे जंप.

शाळेत शिकलो जंप म्हणजे उडी मारणे, विषय संपला. आता गेल्या काही दिवसांत मेल आणि कॉल मिळून काय काय कानावर आलं बघा. 'लेट्स जंप ऑन अ कॉल.' 'डोन्ट जंप टू कन्क्लूजन्स.' 'शी जंप्ड अ‍ॅट द ऑफर.' 'वी जंप्ड द गन ऑन धिस रिलीज.' शिवाय रिपोर्टमध्ये 'टिकेट व्हॉल्यूम जंप्ड बाय थर्टी परसेंट'. अंदाजाने अर्थ लागतो, पण स्वतः वाक्य करायची वेळ आली की कुठे ऑन, कुठे अ‍ॅट, कुठे काहीच नाही हे कळत नाही. आमच्याकडे एकाने 'जंप ओव्हर द क्यू' लिहिलं, म्हणे भिंतीवरून उडी मारतो तेव्हा ओव्हर म्हणतो ना मग इथेही ओव्हरच, आणि त्यावरून जेवणाच्या सुट्टीत चांगलाच वाद झाला. लीड म्हणाला असंच असतं, पाठ करून टाका. मला पाठ नाही करायचं, समजून घ्यायचंय.

आणि दुसरं, मुलगी दुसरीत आहे. तिच्या वर्कबुकात जंप, हॉप, लीप, स्किप अशा चार चित्रांच्या जोड्या लावायच्या आहेत, आणि चारही चित्रांत पोरं हवेतच आहेत. तिला मराठीत कसं सांगू?

पाचपाखाडी_इंग्लिश

ताई, मी ठाण्यातच आठवी ते दहावीच्या मुलांना इंग्लिश शिकवते. पाठ करायची गरज नाही हे तुमचं बरोबर आहे, यात बरीच संगती आहे, फक्त शाळेत ती कोणी दाखवत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी वादाचं बघू. जंपच्या पुढे मध्ये काही न येता सरळ नाम आलं तर बहुतेक वेळा अर्थ होतो ते ओलांडून जाणे. 'ही जंप्ड द वॉल', 'द डॉग जंप्ड द फेन्स'. इथे ओव्हर घातलं तरी चालतं, 'जंप्ड ओव्हर द वॉल', फरक पडत नाही कारण भिंत खरीच आहे आणि उडीही खरीच आहे. आता भिंतीच्या जागी अशी गोष्ट ठेवा जिच्यासाठी थांबायला हवं होतं आणि माणूस थांबला नाही. संध्याकाळी ठाणे स्टेशनला सॅटिसच्या, म्हणजे स्टेशनबाहेरच्या बसच्या उंच पुलाच्या, खाली शेअर रिक्षाची लाइन असते, त्यात कोणी मधेच घुसला तर 'ही जंप्ड द क्यू'. इथे ओव्हर घातलं की ऐकणाऱ्याला तो माणूस रांगेतल्या लोकांच्या डोक्यावरून उडी मारून गेला असं दिसतं, म्हणून ते वाक्य चुकतं. तीन हात नाक्याला लाल असताना गाडी काढली तर 'ही जंप्ड द सिग्नल'. हे आपल्याकडे सगळे म्हणतात, इंग्लंडमध्ये 'जंप्ड द लाइट्स' म्हणतील, अमेरिकन माणूस मात्र 'ही रॅन अ रेड लाइट' म्हणेल, आणि रांगेत घुसण्याला तो 'कट इन लाइन' म्हणेल. तुमचे क्लायंट दोन्हीकडचे आहेत म्हणून मुद्दाम सांगतेय.

'जंप द गन' तर याच जातीतलं आहे. धावण्याच्या शर्यतीत स्टार्टर पिस्तुलाचा बार काढतो, त्याच्या आधीच जो सुटला त्याने जंप द गन केलं. गन म्हणजे इथे त्या बाराचा आवाज, ज्याच्यासाठी थांबायचं होतं. मोठ्या स्पर्धांत आता पाय टेकवायच्या स्टार्टिंग ब्लॉक्समध्येच सेन्सर असतात, बारानंतर 0.1 सेकंदाच्या आत पाय हलला तरी फॉल्स स्टार्ट धरतात, कारण माणूस एवढ्या लवकर ऐकून हलूच शकत नाही असा हिशेब आहे. तुमच्या रिलीजच्या वाक्याचा अर्थ मग सरळ आहे, मंजुरी यायच्या आधीच आपण काढून मोकळे झालो.

'जंप बेल' म्हणजे जामिनावर सुटायचं आणि तारखेला कोर्टात फिरकायचंच नाही. 'जंप शिप' म्हणजे खलाशाने परवानगी न घेता जहाज सोडून जाणं, आता नोकरी सोडून दुसऱ्या कंपनीत गेलेल्यालाही म्हणतात, आणि त्यात थोडी नाराजी असते, म्हणून कलीगच्या फेअरवेल मेलमध्ये हे लिहू नका. या दोन्हीत ओलांडण्यापेक्षा सोडून पळण्याचा भाग जास्त आहे, पण धागा तोच, जिथे थांबायला बांधील होता तिथे थांबला नाही.

आता प्रिपोझिशनवाले. इथे अर्थ सगळा त्या छोट्या शब्दात असतो, जंप फक्त घाई सांगतो. 'जंप अ‍ॅट', कशाच्या तरी दिशेने झडप. ऑफर दिसली की लगेच हो म्हटलं, तेही आनंदाने, म्हणून 'जंप्ड अ‍ॅट द ऑफर'. 'जंप टू कन्क्लूजन्स', मधली चौकशी न करता थेट शेवटाला. आपण म्हणतो ना, ऐकून न घेताच निकाल लावला, तेच. 'जंप इन', दुसऱ्याच्या बोलण्यात शिरणे. 'कॅन आय जंप इन हिअर?' हे कॉलवर अगदी सभ्य वाक्य आहे, बिनधास्त वापरा. आणि 'जंप ऑन'चे दोन अर्थ सांभाळा. माणसावर जंप ऑन केलं तर तुटून पडणे, 'शी जंप्ड ऑन मी फॉर बीइंग लेट', उशीर झाला म्हणून माझ्यावर तुटून पडली. पण बस, ट्रेन, कॉल यांच्याआधी आलं तर नुसतं चढणे. इंग्लिशमध्ये ट्रेनला ऑन लागतं, बसला ऑन लागतं आणि फोनलाही ऑनच लागतं, म्हणून 'जंप ऑन अ कॉल'. यात उडीबिडी काही नाही, चला पटकन बोलून घेऊ एवढंच. कॉल संपताना कोणी 'आय हॅव टू जंप' म्हणाला तर तो दुसऱ्या मीटिंगला निघालाय.

अजून एक, जे मुलांना हमखास नडतं. 'ही जंप्ड इन्टू द वॉटर' म्हणजे काठावरून पाण्यात उडी घेतली. 'ही वॉज जंपिंग इन द वॉटर' म्हणजे पाण्यातच उभा राहून उड्या मारत होता. मराठीत आपण दोन्हीकडे पाण्यात हाच शब्द वापरतो आणि फरक उडी आणि उड्या यावरून कळतो. इंग्लिशमध्ये जंपिंग म्हटलं की उड्याच, पुन्हा पुन्हा. एका उडीला वेळच इतका कमी लागतो की 'तो एक उडी मारत होता' असं सहसा कोणी म्हणत नाही, आपणही नाही म्हणत.

मुलीच्या वर्कबुकाचं इथे कोणी खेळातलं असेल तर त्यांनी सांगावं, त्यांना ते शरीराने माहीत असतं.

खारघर_सेक्टर_बारा

मॅडमनी मस्त सांगितलंय. मी काही वर्षं न्यू जर्सीला होतो, तिथलं एक सांगतो कारण हे माहीत असायला हवं. जंपच्या पुढे थेट येणारं नाम जर माणूस असेल तर तिकडे अर्थ एकदम वेगळा होतो. 'दे जंप्ड हिम' म्हणजे त्याला ओलांडलं नाही, अचानक गाठून मारलं किंवा लुटलं. 'ही गॉट जंप्ड आउटसाइड द स्टेशन' अशी बातमी वाचली तर तो माणूस मार खाऊन हॉस्पिटलात असू शकतो. त्यामुळे रांगेत कोणी तुमच्या पुढे घुसला तर 'ही जंप्ड मी' असं चुकूनही म्हणू नका, 'ही कट इन फ्रंट ऑफ मी' म्हणा.

आणि इंग्लंडच्या क्लायंटने जंपर म्हटलं तर तो स्वेटर. अमेरिकेत जंपर म्हणजे बिनबाह्यांचा फ्रॉक, आतून शर्ट घालतात तो. जंपसूट मात्र खरोखर उडीवरूनच आलाय, पॅराशूटने उड्या मारणाऱ्यांचा तो एकसंध पोशाख होता, मग फॅशनमध्ये आला.

तुर्भे_ऑटो_इलेक्ट्रिक

इंग्लिशमध्ये माझा काही अधिकार नाही, पण जंप हा शब्द आमच्या धंद्यात रोजचा आहे आणि कोणीच काढला नाही म्हणून लिहितो. पावसाळ्यात फोन सुरू होतात, दादा गाडी सुरू होत नाही, जंप द्यायला या. जंप देणे म्हणजे दुसऱ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवरून उतरलेल्या बॅटरीला करंट देऊन इंजिन सुरू करणे, त्यालाच जंपस्टार्ट. अमेरिकेतले एक कस्टमर होते ते पण म्हणायचे 'कॅन यू गिव्ह मी अ जंप', म्हणजे शब्द आपल्यासारखाच वापरतात. मॅडमच्या नियमात हे बसत नाही, 'जंप द कार' म्हटलं तर तिकडे कोणी गाडीवरून उडी मारत नाही, तिला करंट देतात.

शब्दाचं झालं, पण लोक केबल उलटसुलट लावतात आणि ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर, उडवून बसतात म्हणून क्रम पण सांगून ठेवतो. दोन्ही बॅटऱ्या बारा व्होल्टच्या असल्याची खात्री करा, दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना टेकलेल्या नकोत. लाल केबलचं एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं चांगल्या बॅटरीच्या प्लसला. मग काळ्या केबलचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवर रंग नसलेल्या लोखंडाला, बोल्ट किंवा ब्रॅकेट बघून, बॅटरीपासून जरा लांब. ते शेवटचं टोक लोक सरळ बंद बॅटरीच्या मायनसला लावतात, चालू होते गाडी तशीही, पण शेवटची जोडणी करताना ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन गॅस निघत असतो, तो पेटू शकतो. म्हणून लांब. मग आधी चांगली गाडी सुरू करा, थोडा वेळ चालू द्या, मग दुसरी. काढताना बरोबर उलट क्रमाने. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर मॅन्युअल बघितल्याशिवाय हात लावू नका.

ठाणे_ट्रॅक_अँड_फील्ड

वर्कबुकाचं मी सांगतो, शाळेच्या मुलांना अ‍ॅथलेटिक्स शिकवतो, दादोजी कोंडदेव स्टेडियमला माझी निम्मी सकाळ जाते.

लहान मुलांसाठी पायांकडे बघायला सांगा, हवेत सगळे सारखेच दिसतात. हॉप म्हणजे ज्या पायावरून उठलो त्याच पायावर उतरायचं. आपल्या पोरांना हे समजवायची गरजच नाही, हॉप म्हणजे लंगडी, संपलं. लीप म्हणजे एका पायावरून उठून दुसऱ्या पायावर उतरायचं, मोठं अंतर घेऊन, पावसात डबकं ओलांडतो तसं. स्किप म्हणजे एक पाऊल टाकून त्याच पायावर छोटी लंगडी, मग दुसरा पाय, पुन्हा तसंच, मुलं खुशीत असली की रस्त्याने असंच जातात. आणि जंप म्हणजे पुस्तकाच्या हिशेबाने दोन्ही पायांनी उठून दोन्ही पायांवर. चित्रात दोन्ही पाय जोडलेले दिसले की जंप, एक पाय मागे दुमडलेला दिसला की हॉप, पाय कात्रीसारखे फाकलेले दिसले की लीप, उरलं ते स्किप. दोरी दिसली तर त्यालाही इंग्लंडमध्ये स्किपिंगच म्हणतात, आपणही तेच म्हणतो, अमेरिकेत त्याला जंप रोप.

पण पोरगी मोठी झाली की तिला हेही सांगा की जंप म्हणजे दोन पाय हे फक्त वर्कबुकापुरतं. हाय जंपचा नियमच असा आहे की टेक ऑफ एकाच पायावरून झाला पाहिजे, दोन पायांनी उठलात तर फाउल. लाँग जंपमध्येही फळीवर एकच पाय पडतो. तरी त्यांचं नाव जंपच. म्हणजे जंप हा सगळ्यांना पोटात घेणारा शब्द आहे आणि बाकीचे त्यातले प्रकार.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण ट्रिपल जंप, आपली तिहेरी उडी. जुन्या इंग्लिशमध्ये त्याचं नाव 'हॉप, स्टेप अँड जंप' असंच होतं आणि नियमही तोच आहे. पहिली हॉप, ज्या पायाने फळी मारली त्याच पायावर उतरायचं. दुसरी स्टेप, उतरायचं दुसऱ्या पायावर. तिसरी जंप, वाळूत. उजव्याने सुरू केलं तर उजवा, डावा आणि मग वाळू. नवीन मुलांचा घोळ नेहमी मधल्या स्टेपला होतो, हॉप इतकी लांब मारतात की पाय दाबला जातो आणि स्टेप नुसतं पाऊल पडल्यासारखी पडते. मी त्यांना आधी नुसती लंगडी घालायला लावतो गवतावर, गुडघा वर, हात मोकळे, आणि लंगडी खेळलेली पोरं हे पटकन पकडतात, हे मी वर्षानुवर्षं बघतोय आणि म्हणूनच शाळांनी लंगडी बंद करू नये असं मला मनापासून वाटतं.

भारताचं या उडीशी जुनं नातं आहे. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हेन्री रिबेलो फायनलला पोचले होते, तिथे मांडीचा स्नायू दुखावला आणि सगळं हुकलं. आणि 2022 च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये एल्धोस पॉलने 17.03 मीटर मारून गोल्ड घेतलं, अब्दुल्ला अबूबकरने 17.02 ला सिल्व्हर, एका सेंटीमीटरचा फरक, दोघेही केरळचे. मुलीला तो व्हिडिओ दाखवा, हॉप आणि जंप वेगळे आहेत हे तिला कायमचं कळेल.

पाचपाखाडी_इंग्लिश

सर, हे मी उद्या वर्गात सांगणार आहे, लंगडीसकट.

लीपबद्दल थोडी भर. लीप जुना शब्द आहे, अगदी जुन्या इंग्लिशपासूनचा, जंप त्यामानाने बराच नंतर, सोळाव्या शतकाच्या सुमाराला लिखाणात दिसायला लागतो. म्हणून लीपला जरा भारदस्तपणा आहे, आपल्या झेप या शब्दासारखा. बातमीत 'अ बिग लीप फॉर द कंपनी' शोभतं, रोजच्या बोलण्यात जंपच. भूतकाळ लीप्ट किंवा लीप्ड, दोन्ही बरोबर, लीप्टचा उच्चार लेप्ट.

आणि लीप इयर का म्हणतात तेही मुलीला दाखवता येईल, कॅलेंडर काढून. 15 ऑगस्ट 2022 ला सोमवार होता, 2023 ला मंगळवार, दरवर्षी एक वार पुढे. 2024 ला बुधवार यायला हवा होता, आला गुरुवार, कारण मध्ये 29 फेब्रुवारी येऊन गेली. तारखेने एका वारावरून झेप घेतली, तेच लीप.

गॅरेजवाल्या दादांचंही बरोबर आहे, गाडीचं जंप माझ्या नियमात बसत नाही. ते जंपस्टार्टवरून आखूड होऊन आलंय, म्हणून वेगळंच लक्षात ठेवायचं.

कळवा_ते_ऐरोली

सगळ्यांचे खूप खूप आभार. वर्कबुक झालं, तिने हॉलमध्ये चारही प्रकार करून दाखवले, खालच्या काकूंनी बेल वाजवेपर्यंत. उद्या जेवणाच्या सुट्टीत क्यूचं मी सांगणार आहे.

फक्त रिपोर्टचं राहिलं. जंप्ड बाय आणि जंप्ड टू, यात कुठलं कधी? आणि जंप्डचा उच्चार, मी जंप्ड म्हणते, एक क्लायंट दोनदा 'सॉरी?' म्हणाला.

पाचपाखाडी_इंग्लिश

बाय म्हणजे कितीने वाढलं, टू म्हणजे वाढून कुठे पोचलं. समजा रोजची टिकेट्स 200 होती आणि आता 260 आहेत. मग 'जंप्ड बाय सिक्स्टी' किंवा 'बाय थर्टी परसेंट', आणि 'जंप्ड टू टू हंड्रेड सिक्स्टी'. दोन्ही एका वाक्यात द्यायचं तर 'जंप्ड फ्रॉम टू हंड्रेड टू टू हंड्रेड सिक्स्टी', हे सगळ्यात सुरक्षित, वाचणाऱ्याला हिशेब करावा लागत नाही. बाय गाळून 'जंप्ड थर्टी परसेंट' लिहिलं तरी चालतं, पेपरात तसंच असतं. पण टू कधीही गाळू नका, 'जंप्ड टू हंड्रेड सिक्स्टी' असं बोललात तर ऐकणाऱ्याला दोनशे साठने वाढलं असं वाटेल. आणि जंप हा अचानक आणि मोठ्या वाढीला. हळूहळू वाढलं असेल तर रोझ, आपण भाव चढले आणि भावाने उसळी घेतली यात फरक करतो तसा. नाम म्हणून वापरलं तर 'अ जंप इन व्हॉल्यूम', ऑफ नाही, इन.

उच्चाराचं, शेवटी ड नाही, ट आहे. प, क, स यांसारख्या आवाजानंतर ईडी आलं की ते ट होतं, म्हणून जम्प्ट, स्टॉप्ट, लुक्ट, आणि सगळं एकाच झटक्यात, जम्-पेड असे दोन तुकडे नाहीत. सुरुवातीचा ज पण बघा, मराठीत आपले दोन ज आहेत, जसा-तसामधला आणि जयमधला. इंग्लिशला जयमधला लागतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या तोंडी घाईत पहिला ज येतो आणि समोरच्याला झंपसारखं काहीतरी ऐकू जातं. जय म्हणा आणि त्याच ज ने जम्प्ट म्हणा, एक-दोनदा मोठ्याने, कॉलच्या आधी.